तिसऱ्या तासाचं बोलावणं

समावेशनाची फाईल माझ्या गळ्यात कशी पडली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी हौसेने केलं असं कुणाला वाटायला नको. तीन वर्षांपूर्वीची स्टाफ मीटिंग. शाळा सुटल्यानंतरची, म्हणजे सगळ्यांचं लक्ष दाराकडे. मोठ्या बाई म्हणाल्या, "वरून पत्र आलंय. प्रत्येक शाळेत समता आणि समावेशन समिती हवी. प्रमुख कोण होणार?" चित्रकलेच्या बाईंना एकदम खोकला आला. पीटीचे सर बुटाची नाडी बांधायला वाकले ते वाकलेच. मी मात्र मूर्खासारखी समोर बघत बसले होते. मोठ्या बाईंची नि माझी नजरानजर झाली आणि विषय संपला. सव्वीस वर्षं भाषा शिकवतेय, पण मीटिंगमध्ये कुठे बघायचं एवढं अजून मला जमत नाही.

समितीची प्रमुख मी आणि सदस्यही मीच. काम काय, तर फॉर्म भरायचे. शाळेत अशी मुलं किती, कोणत्या प्रकारची, त्यांच्यासाठी उपक्रम कोणते घेतले, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'छायाचित्र जोडावे'. फॉर्म पाठवले की ते बघायला माणसं यायची. ती गेली की त्यांचं वरचं कोणीतरी यायचं. तपासायच्या वह्यांचे गठ्ठे टेबलावर तसेच, आणि मी आपली फोटो चिकटवतेय.

आता समावेशन करावं अशी मुलं आमच्याकडे कमी नव्हती. सहावीतली एक मुलगी बोलताना इतकी अडखळते की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. आठवीतल्या दोघी बहिणी दुसऱ्या भाषेच्या घरातून आल्यात, वर्षभर माझ्या तासाला माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पाचवीत एकाला अक्षरं जागेवर राहत नाहीत, वाचायला उभा केला की घाम फुटतो. पण हे काही फोटोत येत नाही. फोटोत येते ती व्हीलचेअर. आणि व्हीलचेअर अख्ख्या शाळेत एकच.

ती नववीत, माझ्याच वर्गात. मी वर्गशिक्षिका. जन्मापासून पायात जोर नाही, बाकी जिभेत, हातात आणि डोक्यात भरपूर. वर्गात सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे, तीही ओ द्यायची. दिसेल ते मोजायची सवय. बाकाची उंची, फळ्याची लांबी, माझ्या टेबलाचा एक पाय अर्धा सेंटीमीटर आखूड आहे हेही तिनेच शोधलं. "बाई, म्हणून तुमचं टेबल डुगडुगतं," म्हणाली, आणि पुठ्ठा दुमडून दिला. तिला इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं. त्या संस्थेत जायचं तर शेवटच्या दोन वर्षांत वरचं गणित लागतं. साध्या गणितावर ते दारातही उभं करत नाहीत. आणि वरचं गणित कोणाला द्यायचं ते नववीत ठरतं, गणिताच्या सरांच्या चाळणी परीक्षेत. चाळीसपैकी वीस पडले तर वरचं, नाही तर साधं. नापास झालेल्याला एकदाच फेरपरीक्षा, मग विषय बंद.

शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. पत्र आलं त्याच महिन्यात तिथे रॅम्प बांधला. पहिल्याच दिवशी पोरीने पट्टी काढली. "बाई, उंची दीड फूट आणि लांबी सात फूट. एक फूट चढायला बारा फूट लागतात, म्हणजे हा अठरा फुटांचा हवा होता." मी म्हटलं, "आता बांधून झालाय ना, गप बस." ती गप बसली. त्या रॅम्पवरून तिला एकटीला चढता येत नाही, कोणीतरी मागून ढकलावं लागतं. त्यामुळे माझ्या फाईलमधल्या प्रत्येक फोटोत तिला कोणीतरी ढकलतंय आणि ढकलणारा माणूस हसतोय.

पाहुणे यायचे ते साडेदहाला. मोठ्या बाईंच्या खोलीत चहा व्हायचा आणि मग त्यांना शाळा बघायची असायची. म्हणजे तिसरा तास. मी नववीच्या दारात जायचे, मान हलवायचे, ती निघायची. रॅम्पवरून खाली, रॅम्पवरून वर, "नीट आलं नाही, परत एकदा," मग पाहुण्यांशी दोन शब्द, मग हॉलमध्ये भाषण असेल तर पहिल्या रांगेत. प्रत्येक वेळी मी तिला म्हणायचे, "आजचाच दिवस हं." आणि हजेरीपटात त्या तासाला लाल शाईने 'शा' लिहायचे. शा म्हणजे शाळेच्या कामासाठी. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. मुलगा स्पर्धेला गेला, मुलगी स्वागतगीताला गेली, की शा. शा म्हणजे हजरच धरतात, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही असा आमचा सगळ्यांचा समज.

चाळणी परीक्षेत फूटपट्टीला चौदा मार्क पडले.

गणिताचे सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आले. हा माणूस कोणाशी धड बोलत नाही. समितीच्या पहिल्या दिवसापासून मला 'या समतावाल्या' म्हणतो. हातात त्यांची स्वतःची वही होती, शाळेच्या हजेरीपटावर त्यांचा विश्वास नाही. म्हणाले, "या वर्षी माझे बहात्तर तास झाले. त्यातले एकतीस तास ही पोरगी माझ्या वर्गात नव्हती. कुठे होती सांगा."

"असं कसं होईल? तिची हजेरी तर शंभर टक्के आहे."

"तुमच्या पटावर आहे. माझ्या गणितात नाहीये. बीजगणिताचे दोन धडे तिने बघितलेलेच नाहीत. नववीला गणित तिसऱ्या तासाला असतं बाई, सहा दिवस, रोज. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. वेळापत्रक माझ्याच वर्गाच्या भिंतीवर लावलंय, माझ्याच अक्षरात. मी हजेरीपट काढला आणि पानं उलटली. एकतीस वेळा लाल शा, आणि एकूण एक माझ्या हातचं. मला इतकी लाज वाटली की सरांकडे मान वर करून बघवेना. ते काही टाकून बोलतील असं वाटलं होतं, पण नाही बोलले. म्हणाले, "तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा घेतो. गुरुवारी, तिसऱ्या तासालाच, दुसरा मोकळा नाही. शाळा सुटल्यावर रोज एक तास तिला घेऊन बसेन. तुम्ही फक्त एक करा, तिला सोडा."

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, फक्त दमलेल्या आहेत, आमच्यातलं कोण नाही! म्हणाल्या, "एवढं काय त्यात? तिच्यासाठी सवलतीचा अर्ज करू. अशा मुलांना सहा मार्कांची सूट मिळू शकते. फाईलमध्येही चांगलं दिसेल."

हे मी फूटपट्टीला सांगितलं, तर ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "मला सहा मार्क फुकट देऊन काय होणार? ते दोन धडे मला येतच नाहीत ना बाई. पुढच्या वर्षी ते कोण शिकवणार?" मग तिचा आवाज खाली आला. "मला सूट नको. तास हवेत."

पालकसभेला तिची आई आली. कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला बसते, बोटाच्या टोकांना सुयांच्या खुणा. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? आधीच्या शाळेत माझ्या पोरीला कोपऱ्यात बसवून ठेवायचे, कोणी विचारायचंसुद्धा नाही. तुम्ही तिला सगळ्यांच्या पुढे करता. तो पेपरातला फोटो मी कापून भिंतीला लावलाय." मग जरा घुटमळून, "गणितात कमी कशाने पडले हो? घरी तर मान वर करत नाही, सारखी वहीत असते."

सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की माझ्यामुळे पडले, मीच तिला उठवून नेत होते. मी म्हटलं, "होईल नीट, फेरपरीक्षा आहे." आणि मूग गिळून बसले. त्या रात्री जेवण गेलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल, जेवले, पण भाजीत मीठ नव्हतं हे नवऱ्याने सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

तीन आठवडे सरांनी शब्द पाळला. शाळा सुटली की दोघं नववीच्या वर्गात. मी बाहेरून जाताना सरांचा आवाज ऐकू यायचा, "चूक! परत!" आणि तिचा, "थांबा ना सर, मी शोधते कुठे चुकलं ते." एकदा सर स्टाफरूममध्ये येऊन स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, "डोकं आहे हो पोरीला. ती पास होणार." या माणसाच्या तोंडून कोणाचं कौतुक मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

मीही माझ्या परीने केलं. त्या तीन आठवड्यांत दोनदा पाहुणे आले. दोन्ही वेळा मी सांगितलं की ती आज कामात आहे, आणि फाईल पुढे केली. मोठ्या बाईंनी भुवया चढवल्या, पण चालवून घेतलं. कारण खरी तपासणी पुढे होती. 'सर्वसमावेशक शाळा' या पुरस्कारासाठी तीन परीक्षक यायचे होते, शुक्रवारी. फेरपरीक्षा गुरुवारी. म्हटलं, देवाला काळजी.

बुधवारी मी फूटपट्टीला म्हटलं, "उद्या तुला कोणीही बोलावणार नाही. मी शब्द देते."

"बरं, बाई," ती म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

गुरुवारी दुसऱ्या तासाला शिपाईमामा मला शोधत आले. "मोठ्या बाईंनी बोलावलंय. परीक्षक आलेत." शुक्रवारी त्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणे, म्हणून एक दिवस आधीच. फोन केला होता, तो आमच्या ऑफिसात कोणी उचलला नाही. खोलीत गेले तर चहाचे कप टेबलावर, तिघं परीक्षक माझी फाईल चाळतायत. त्यांच्या एकेका प्रश्नाला उत्तरं देता देता तिसरा तास लागला. मोठ्या बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तिला घेऊन या आता. दहा मिनिटं."

"तिची परीक्षा आहे."

"दहाच मिनिटं हो."

"तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत, पाऊण तास होतो. आज नाही."

"मग रॅम्प कोण दाखवणार? दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

"सहावीतली ती अडखळणारी मुलगी आहे. त्या दोघी बहिणी आहेत. पाचवीतला तो आहे. त्यांना दाखवा. तीन वर्षांत मी त्यांच्यासाठी काही केलेलं नाही, तेही सांगा." माझा आवाज चढला असावा, कारण परीक्षकांनी माना वर केल्या. मोठ्या बाईंचा चेहरा पडला. सव्वीस वर्षांत मी त्यांना, किंवा त्यांच्या आधीच्या कोणाला, नाही म्हटलं नव्हतं. पण तिथे थांबून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला भीती एवढीच, की मी इथे बोलत बसायचे आणि शिपाईमामा परस्पर तिला घेऊन यायचे. तशीच निघाले.

नववीच्या वर्गापाशी पोचले तेव्हा तास निम्मा होत आला होता. आमच्या वर्गांच्या दारांना उभी काच आहे, मोठ्या बाईंना जाता-येता आत बघता यावं म्हणून. दार बंद होतं, आत शांतता होती. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. वळून आत बघितलं नाही, उगाच तिचं लक्ष विचलित व्हायला नको. मनात म्हटलं, आता या दारातून जो जाईल तो माझ्या अंगावरून जाईल.

शिपाईमामा आलेच. "बाई, तिला सोडा म्हणतायत."

"नाही म्हणावं."

"मला बोलणी बसतील हो."

"माझं नाव सांगा. म्हणावं, बाईंना वेड लागलंय."

ते गेले आणि पाच मिनिटांत परत आले. या वेळी नुसते माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले, मग गालातल्या गालात हसले आणि गेले. व्हरांड्याच्या खिडकीतून मला रॅम्प दिसत होता. मोठ्या बाई काहीतरी समजावून सांगत होत्या, हात हवेत. तिघांतल्या वयस्क परीक्षिका स्वतःच रॅम्प चढून बघायला लागल्या. मध्यावर गेल्या, थांबल्या, आणि पटकन शिपाईमामांचा दंड धरला. मला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. पाय दुखत होते, पाठ भरून आली होती, नोकरीत पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत नव्हतं, तरी बरं वाटत होतं. तीन वर्षांत या समितीचं एक तरी काम मी नीट केलं, असं वाटत होतं. घंटा झाली तेव्हा मी बाजूला झाले आणि माझ्या पुढच्या तासाला पळाले.

पुरस्काराचं काय झालं ते सांगते, नाही तर तुम्ही विचाराल. मिळाला. परीक्षकांना फाईल फार व्यवस्थित वाटली. रॅम्पची लांबी वाढवावी, अशी एक सूचना तेवढी लिहिली. मोठ्या बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, मग पुरस्काराची पाटी कुठे लावायची ते विचारायला आल्या.

सोमवारी सरांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. वर अठरा लिहिलं होतं.

मी दोनदा बघितलं. "दोनच कमी?"

"तपासून तपासून बघितलं. कुठे अर्धा मार्कही सुटत नाही." सरांचा आवाज बसला होता. त्यांनी शेवटचं पान उलटलं. ते कोरं होतं. "हे शेवटचं गणित. सहा मार्कांचं. मी तिच्याकडून दोनदा करून घेतलं होतं, आकडेसुद्धा फारसे बदलले नव्हते. वीस मिनिटं उरली होती तिच्या हातात. मी समोरच होतो. पेन खाली ठेवून बसली. मला वाटलं, झाला पेपर, पोरीने सगळं सोडवलं. मी मनात खूश होतो, काय सांगू." ते खुर्चीत बसले. "मी विचारलं तर काही सांगत नाही. तुम्ही विचारून बघा."

शाळा सुटल्यावर ती दाराशी आईची वाट बघत होती. मी शेजारी पायरीवर बसले. विचारायचं धैर्य होत नव्हतं, पण विचारलं. "शेवटचं गणित येत नव्हतं का गं?"

"येत होतं."

"मग? घाबरलीस? हात दुखला?"

तिने मान हलवली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती मला समजावल्यासारखं, हळू बोलली.

"तुम्ही येऊन दाराशी उभ्या राहिलात ना बाई, काचेतून दिसत होतात. मला वाटलं पाहुणे आले, आता बोलावतीलच. मोठं गणित काढायचं आणि अर्ध्यावर सोडून उठायचं, त्यापेक्षा म्हटलं नकोच. पेपर आवरून तुमच्याकडे बघत बसले. तुम्ही काही वळलाच नाहीत. मग घंटा झाली."